हृदय थांबल्यावर थंडावा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे १९९९. नॉर्वेतल्या नार्विकजवळ स्कीइंग करताना आना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली अडकली. ८० मिनिटांनी तिला बाहेर काढले तेव्हा हृदय बंद होते. शरीराचे तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. तरीही ती वाचली.

गैरसमज : गारठवले की बंद पडलेल्या हृदयाचा कुठलाही रुग्ण वाचतो.
वस्तुस्थिती : बर्फाखालच्या हवेच्या पोकळीत आना सुमारे ४० मिनिटे शुद्धीवर होती. शरीर आधी गारठले, मेंदूची ऑक्सिजनची गरज घटली आणि मग हृदय थांबले. घरात कोसळणाऱ्या माणसाचा रक्तपुरवठा आधी तुटतो. रुग्णालयातला थंडावा त्यानंतरचा. तोही हृदय पुन्हा सुरू होऊन रुग्ण बेशुद्धच राहिला, तर. हार्ट अटॅक आला पण हृदय चालू आहे, अशा रुग्णासाठी हा उपचार नाही.

गैरसमज : जितके थंड, तितके चांगले.
वस्तुस्थिती : २००२ मध्ये युरोपातील आणि मेलबर्नमधील दोन अभ्यासांत थंडाव्याचा फायदा दिसला. युरोपात ३२ ते ३४ अंशांवर ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के रुग्णांचा मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहिला. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. जगभरच्या आयसीयूंनी ही पद्धत उचलली. पण २०१३ च्या मोठ्या चाचणीत ३३ आणि ३६ अंशांच्या निकालांत फरक आढळला नाही. २०२१ मध्ये सुमारे १९०० रुग्णांत ३३ अंशांची तुलना नुसता ताप रोखण्याशी झाली. सहा महिन्यांत थंड केलेल्यांपैकी ५० टक्के दगावले, इतरांपैकी ४८ टक्के. ठोक्यांची गंभीर गडबडही थंड केलेल्यांतच जास्त झाली.

गैरसमज : म्हणजे तापमानाकडे पाहायलाच नको.
वस्तुस्थिती : दुखावलेल्या मेंदूला ताप परवडत नाही. तापमान ३७.७ अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि ही दक्षता किमान ७२ तास घ्यावी, असे २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते.

गैरसमज : रुग्णवाहिका येईपर्यंत बर्फ लावावा.
वस्तुस्थिती : सिएटल परिसरात रुग्णालयात पोहोचण्याआधीच थंडगार सलाइन देऊन पाहिले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष आला : वाचणारे वाढले नाहीत, वाटेत हृदय पुन्हा थांबण्याचे आणि फुप्फुसात पाणी साचण्याचे प्रमाण मात्र वाढले.

कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करा. छातीच्या मधोमध किमान ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या आणि मदत पोहोचेपर्यंत थांबू नका.