व्हर्लपूल टबचा जेट : एका मिलिमीटरचा हुन्नर

मोठ्या हॉटेलांत आणि नव्या बंगल्यांत व्हर्लपूल टब बसू लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली. कोमट पाण्याच्या टबात बसून बटण दाबले की बाजूच्या भोकांतून पाणी आणि हवा एकत्र जोराने सुटते आणि अंग चोळून निघते. पाहणाऱ्याच्या नजरेत टबाची चकाकी भरते. पण टब हे नुसते भांडे. गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजते तो माल म्हणजे भोकामागे बसवलेला मुठीएवढा जेट. तो नीट घडला नाही तर महागडा टबही साध्या टाकीच्या लायकीचा राहतो. शिवाजी उद्यमनगरात पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग घडवणाऱ्या कारागीर बांधवांनी हे काम समजून घ्यावे, अशा हेतूने ही माहिती देत आहे.

तत्त्व ओळखीचेच

वाहते पाणी अरुंद गळ्यातून गेले की त्याचा वेग वाढतो आणि त्या जागी दाब उतरतो. इटलीच्या व्हेंच्युरी नावाच्या विद्वानाने १७९७ मध्ये ही गोष्ट मांडली. दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला आणि तेथे भोक ठेवले, तर हवा आपोआप आत ओढली जाते. वेगळा ब्लोअर लागत नाही.

आमच्या कापडधंद्यात हे तत्त्व रोज राबते. इचलकरंजीच्या एअरजेट मागावर नोझलमधून सुटणारी हवा बाण्याचे सूत ओढून पुढे फेकते. जेट डाइंग मशीनमध्ये नोझलमधून सुटणारे रंगाचे पाणी दोरासारखे केलेले कापड ओढत नेते. जुन्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा पेट्रोल ओढते. टबात पाणी हवा ओढते, एवढाच फरक.

या टबाचा जन्मही चैनीतून झालेला नाही. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या जकूझी बंधूंनी १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात कारखाना काढला. आधी विमानांचे पंखे बनवले, मग विमानही बनवले. १९२१ च्या अपघातात एक भाऊ गेला, तेव्हा तो धंदा सोडून ते विहिरींच्या जेट पंपांकडे वळले. पुढे कँडिडो जकूझी यांच्या लहान मुलाला संधिवात जडला. पाण्याच्या माऱ्याने त्याला आराम पडे, म्हणून घरच्या टबात ठेवता येईल असा पंप तयार झाला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय जकूझी यांनी जेट टबाच्या भिंतीतच बसवले. शेतीचा पंप बनवणाऱ्या हातांनीच हा माल घडवला, हे कोल्हापूरकरांनी ध्यानात घ्यावे.

मापाचा हिशेब

जेटचे तीन भाग असतात. पुढे निमुळते होत जाणारे पाण्याचे नोझल, त्याच्या तोंडाभोवती हवेची पोकळी, आणि पुढे पाणी व हवा एकजीव करणारी नळी. ही नळी नोझलपेक्षा रुंद हवी. फार अरुंद ठेवली तर हवेला जागा उरत नाही. फार रुंद ठेवली तर ओढ धरत नाही आणि मारा विस्कटतो. दोन्हींचा मध्य एका रेषेत हवा. सेंटर आउट झाले की धार भिंतीवर आपटते.

उदाहरण घेऊ. नोझलचा गळा १० मिलिमीटरचा आहे आणि त्यातून मिनिटाला ४० लिटर पाणी जाते. तेथे पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेआठ मीटर होतो आणि त्यासाठी सुमारे पावणेचार मीटर उंच पाण्याइतका दाब खर्च होतो. असे सहा जेट म्हणजे मिनिटाला २४० लिटर. पाइपांतले नुकसान धरून साधारण एक अश्वशक्तीचा पंप लागतो.

तोच गळा ८ मिलिमीटरचा झाला, तर तेवढ्याच पाण्याला जवळजवळ अडीचपट दाब हवा. पंप तो देणार नाही, पाणी घटेल. गळा १२ मिलिमीटरचा झाला, तर दाब निम्म्याखाली येतो आणि हवेची ओढ ढिली पडते. म्हणून परदेशी जेट समोर ठेवून बाहेरून हुबेहूब नक्कल उतरवणाऱ्याचा माल फसतो. बाहेरचे रूप डोळ्यांना दिसते, गळ्याला गेज लावावा लागतो. बोअरच्या जड पाण्याने गळ्यात चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर क्षार बसला, तर १० चा गळा ९ चा होतो आणि तेवढ्याच पाण्याला दीडपट दाब लागतो. यासाठी नोझल खोलून साफ करता येईल असेच असावे.

तपासणी सोपी आहे. पंप सुरू झाल्यावर हवेच्या भोकाला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी जोडा आणि तिचे दुसरे टोक खाली बादलीत बुडवा. पाणी नळीत जेवढे वर चढेल तेवढी ओढ. पहिल्या चांगल्या नमुन्याची उंची लिहून ठेवा आणि पुढचा प्रत्येक नग त्याच्याशी ताडून पाहा. पंप थांबल्यावर टबातले पाणी हवेच्या पाइपात शिरते, म्हणून त्या पाइपाचे तोंड टबाच्या काठापेक्षा उंच ठेवावे.

येथे चूक म्हणजे जीवाशी खेळ

पाणी परत पंपाकडे खेचणाऱ्या तोंडावर विशेष लक्ष हवे. २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी स्पाच्या तळाच्या जाळीला खेचून धरली गेली आणि बुडून मरण पावली. तिच्या नावाने २००७ मध्ये तेथे कायदा झाला. एका पंपाला एकमेकांपासून दूर दोन तोंडे असावीत. त्यांवरची जाळी फुगीर आणि पक्की बसवलेली हवी. केस किंवा अंग अडकेल अशी सपाट जाळी स्वस्त पडली तरी लावू नये.

दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. १९९९ मध्ये हॉलंडच्या एका फुलांच्या प्रदर्शनात नुसते दाखवायला ठेवलेले व्हर्लपूल चालू होते. त्यात कोणी बसलेही नव्हते. पाण्यातले लिजिओनेला जंतू तुषारांतून पसरले आणि सुमारे ३० माणसे दगावली. म्हणून पाइपांना पुरा उतार द्यावा, थेंबही साचता कामा नये. पंपाला पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी लावल्याशिवाय टब चालू करून देऊ नये.

धंद्याच्या दोन गोष्टी

जकूझी हे एका कंपनीचे नोंदलेले नाव आहे. आपल्या मालावर ते छापले तर नोटीस येईल. आपले नाव छापावे आणि ते राखावे.

टबाचे गिऱ्हाईक मोजके आहे, हेही खरे. पण ज्याच्या हाताला हा गळा बसला त्याचे काम टबावर अडत नाही. ठिबक सिंचनात खत ओढणारे व्हेंच्युरी, मत्स्यतळ्यात आणि रंगाईच्या सांडपाण्यात हवा मिसळणारे जेट याच तत्त्वावर चालतात. लेथ, पॅटर्न आणि ओतकाम उद्यमनगरात आहेच. १०, ११ आणि १२ मिलिमीटरचे तीन नमुने काढा, एकाच पंपावर चालवून नळीची उंची आणि पाणी वहीत उतरवा, आणि मगच मोल्डवर पैसा घाला.