दूध ओतणारी बाई आणि आपले जवस

माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेहून परतताना गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाला एका ओळखीच्या मामांच्या घरी चहाला थांबलो. बैठकीच्या भिंतीवर एका बाईचे चित्र होते. पिवळी चोळी, निळे एप्रन, खिडकीतून आलेला उजेड, आणि मातीच्या भांड्यात पडणारी दुधाची बारीक धार. "हातानं काढलेलं ऑइल पेंटिंग आहे, बरं का," मामा कौतुकाने म्हणाले. मूळ चित्र योहान्स व्हर्मीर या डच चित्रकाराचे, १६६० च्या सुमाराचे. आज ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. मामांची परवानगी घेऊन भिंगातून पाहिले, तर सगळीकडे छपाईचे बारीक ठिपके. कॅनव्हासवर छापून वरून ब्रशने पारदर्शक जेल फिरवले होते. मामांचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटले. त्या संध्याकाळी जे प्रश्न निघाले, ते अशी चित्रे घेणाऱ्या अनेकांच्या मनात असतात.

पहिला गैरसमज मामांचाच होता: कॅनव्हास आहे, बोटाला खरखरीत लागते, म्हणजे चित्र हाताने काढलेले. खरखर कापडाचीही असते आणि जेलचीही. हाताने रंगवलेल्या चित्रात रंगाची जाडी आकाराच्या मागे जाते. व्हर्मीरने पावाच्या खडबडीत कवचावर उजेडाचे ठिपके जाड रंगाने दिले आहेत, तर सावल्या पातळ ठेवल्या आहेत. मामांच्या चित्रात पावावर आणि रिकाम्या भिंतीवर सारखेच फराटे होते. आणखी एक खूण सांगतो. मूळ चित्रातल्या पांढऱ्या भिंतीत एक खिळा आहे, त्याची सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोकेही आहेत. हाताने केलेली प्रत दाखवायला आणली, तर मी आधी ती भिंत बघतो. घाईने काम करणारा तिथे नुसता पांढरा रंग भरतो.

"तैलरंग म्हणजे परदेशी काहीतरी," हा दुसरा समज, आणि तो गोंदियात ऐकावा लागतो याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. डच चित्रकारांनी रंगाची पूड मुख्यतः ज्या तेलात घोटली, ते जवसाचे तेल. तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो आणि जे पूर्व विदर्भात उभ्या धानात उतेरा म्हणून फेकतात. त्यांचे कॅनव्हासही लिननचे, म्हणजे जवसाच्याच झाडाच्या खोडातून काढलेल्या धाग्याचे. फरक वाणाचा: धाग्यासाठी उंच वाढणारे झाड, तेलासाठी बुटके, बियांनी लगडलेले. कापड आणि रंगाचे तेल एकाच झाडातून आले, हे सांगितल्यावर मामी उठून स्वयंपाकघरातून जवसाचा डबाच घेऊन आल्या.

यातूनच तिसरी गोष्ट कळते. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते. वरचा थर काही दिवसांत ते काही आठवड्यांत हाताला कोरडा लागतो. आतला वाळायला महिने जातात. म्हणून जाड रंगाच्या चित्रावर शेवटचे वार्निश साधारण सहा महिने ते वर्षभराने द्यायची जुनी रीत आहे. "आठ दिवसांत वार्निशसकट तैलचित्र घरपोच" असे कुणी म्हणाले, तर ते कोणत्या रंगात केले आहे ते नीट विचारावे.

चौथा समज मला सगळ्यात जास्त टोचतो: प्रत म्हणजे नक्कल, म्हणजे फसवणूक. व्हर्मीर १६७५ मध्ये वारला. त्याच्या चित्रावर आता कुणाचा कॉपीराइट नाही. प्रत ही प्रत म्हणून विकली तर त्यात काहीच खोटे नाही. खोटेपणा केला तो चित्रकार हान व्हान मेगरेनने. त्याने व्हर्मीरची चित्रे उतरवली नाहीत. व्हर्मीरच्या शैलीत नवीच चित्रे काढून ती अस्सल म्हणून विकली, त्यातले एक थेट नाझी नेता गोरिंगपर्यंत गेले. १९४७ मध्ये त्याला शिक्षा झाली. उलट रेम्ब्रांटने स्वतः मुघल लघुचित्रांच्या प्रती काढल्या, त्यांतल्या वीसहून अधिक आजही आहेत. त्याचेच 'नाइट वॉच' १७१५ मध्ये नव्या जागी मावेना म्हणून चारही बाजूंनी कापले गेले. कापलेल्या भागात काय होते, ते आज कळते गेरिट लुंडेन्सने आधीच केलेल्या छोट्या प्रतीवरून.

आपल्याकडे अजिंठ्याचे तसेच झाले. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे तिथली भित्तिचित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरवत राहिला. त्यातल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी बारा-तेरा वर्षे राबले. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५ च्या आगीत गेल्या. ज्या वाचल्या, त्यांत भिंतीवरून आता पुसले गेलेले तुकडे दिसतात. त्या मुलांना नक्कल करणारे म्हणायला माझी जीभ धजत नाही. मात्र चित्र स्पष्ट दिसावे म्हणून तेव्हा मूळ भिंतींवर वार्निश फासले गेले आणि ते पुढे काळवंडले, हेही खरे. 'नाइट वॉच'ला रात्रीचा पहारा हे नाव पडले, तेही काळवंडलेल्या वार्निशमुळेच. चित्रातला प्रसंग दिवसाचा आहे.

आकाराबद्दलही सांगायला हवे. मामांचे चित्र तीन फुटी होते. व्हर्मीरचे मूळ जेमतेम ४५ बाय ४१ सेंटिमीटर. वाढवले की दुधाची धार नळाच्या पाण्यासारखी दिसू लागते. रंगांचीही खात्री करावी, कारण या चित्राच्या पिवळट पडलेल्या प्रतिमा इंटरनेटवर बेसुमार आहेत. राइक्सम्युझियमने आपल्या संकेतस्थळावर चांगली प्रतिमा मोफत ठेवली आहे. चित्रकाराला तीच समोर ठेवायला सांगावे.

आपल्या पावसाळ्यात तैलचित्र ओल्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून टांगू नये. चौकटीमागे चारही कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते, बुरशी धरत नाही. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकावी, ओले फडके लावू नये. चूल किंवा देवघरातला दिवा जवळ असेल, तर चित्राची जागाच बदलावी; काजळी रंगात बसली की घरच्या घरी निघत नाही.