मापात कोण बसायचं?

मुलांनो, स्नेहसंमेलनाच्या नाचातून तुमच्या वर्गातली एखादी मुलगी अचानक ‘मला नाही यायचं’ म्हणते का? तिला नाच येत नसतो असं नाही. भाड्यानं आणलेला ड्रेस आपल्या अंगात जाणार नाही, हे तिला ठाऊक असतं. सगळ्यांसमोर हसं नको, म्हणून ती आधीच माघार घेते. एखादा मुलगा कवायतीच्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गात बसून राहतो. त्याचं पोट दुखत नसतं, चड्डीचा हूक लागत नसतो!

बाजारात तर विचारूच नका. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठलाही आठवडे बाजार घ्या. कपडेवाला दुरूनच मान हलवतो, ‘यांच्या मापाचं नाही हो ताई!’ मग आई म्हणते, ‘आधी जरा बारीक हो, मग घेऊ.’ आणि ते पोर खाली मान घालून चालू लागतं. यात पोराचं काय चुकलं? काहीच नाही! चला, आज या मापाचंच माप काढू या.

हे आकडे आले कुठून?

तुमच्या पणजीला कुणी ‘तुमचा साईज काय?’ असं विचारलं असतं, तर ती हसत सुटली असती. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर कापड. बारीक बाई नेसली तर निऱ्या जास्त, अंगानं भरलेली नेसली तर निऱ्या कमी. लुगडं तेच! आंबेगावच्या पश्चिमेला भाताच्या लावणीला तेच आणि नारायणगावच्या तमाशातल्या लावणीलाही तेच. बंडी, चोळी असे कपडे शिवायचे, तर शिंपी माणसाला समोर उभं करून माप घ्यायचा.

मग यंत्रं आली. १८५१ साली अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. पुढं १८६१ ते १८६५ या काळात तिथं यादवी युद्ध झालं. लाखो सैनिकांना गणवेश हवे होते. एकेकाचं माप घेत बसायला वेळ कुठला? म्हणून ठरावीक मापांचे गणवेश शिवले गेले, आणि तयार कपड्यांच्या मापांची पद्धत रुजत गेली. १९३९-४० मध्ये तिथल्या सरकारनं जवळजवळ १५ हजार स्त्रियांची मापं घेतली, प्रत्येकीची पन्नासहून अधिक! त्यातून काय दिसलं? माणसांचे बांधे इतके निरनिराळे, की एका आकड्यावरून सगळं अंग ओळखता येत नाही.

आपल्याकडं तर तयार कपड्यांची मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून आलेली. म्हणून ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी’ या संस्थेनं ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वर्षं वयाच्या २५ हजार भारतीयांची मापं घ्यायची, असं ठरलं. त्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत आपली मुंबईही आहे. आता सांगा, तक्ताच आपल्यासाठी केलेला नसेल, तर शर्ट बसला नाही म्हणून लाज कुणी वाटून घ्यायची?

शाळेच्या गणवेशाचंच पाहा. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकसारखे गणवेश बचत गटांकडून शिवून घेतले गेले. कुणाला घट्ट, कुणाला ढगळ, अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. २०२५-२६ पासून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. पालकहो, माप घेणारा माणूस गावातला असला, की मुलाला समोर उभं करता येतं. समितीच्या बैठकीला जा आणि सांगा, ‘आधी मापं घ्या, मग कापड कापा.’

आता खिशाचं बोलू

चांगल्या कपड्यासाठी एसटीनं पुण्याला जायलाच हवं असं नाही. एक टेप, थोडं गणित आणि गावातले शिंपीकाका, एवढं पुरतं.

आधी मापं घ्या. छाती, कंबर, सीट, खांदा, दंडाचा घेर, मांडीचा घेर आणि उंची. टेप आवळू नका, आत एक बोट जायला हवं. श्वास रोखून पोट आत ओढू नका हं! खोट्या मापाचा कपडा पहिल्या जेवणालाच खरं बोलतो.

बाजारात कपडा घालून बघायची सोय नसते. मग टेप घेऊनच जा. कुडता सपाट पसरा, काखेखाली आडवं मोजा आणि दुप्पट करा. तुमची छाती ३८ इंच असेल, तर कुडत्याचा घेर ४२ च्या आसपास हवा. म्हणजे सपाट माप २१ इंच. लेबलवर ‘एक्सएल’ असो की ‘डबल एक्सएल’, टेप खोटं बोलत नाही.

जिथं अंग सर्वांत रुंद, तिथं बसेल असा कपडा घ्या. लांब बाही आणि उंची कमी करणं सोपं असतं. अरुंद छाती वाढवणं अवघड.

शिवून घेणार असाल, तर मोठ्या पन्ह्याचं सुती कापड पाहा. शिवण्याआधी ते भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. काकांना सांगा, ‘शिवणीत माया ठेवा.’ आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, किती छान शब्द आहे! पुढच्या वर्षी अंग भरलं, की शिवण उसवून तोच कपडा सैल करता येतो. काखेत घट्ट होत असेल तर चौबगला घाला, घेर हवा असेल तर कळ्या.

आईची जुनी सहावारी साडी म्हणजे सुमारे साडेपाच मीटर कापड. अंगानं भरलेल्या मुलीचाही ऐसपैस कुडता त्यातून निघतो, काठ बाह्यांना लावता येतात. पातळ असेल तर आतून अस्तर लावा. मात्र आईला विचारून बरं का! नाहीतर पैठणीवर कात्री चालवाल.

आता गणित. समजा, ३०० रुपयांचा घट्ट शर्ट दहा वेळा घालून उसवला. एका वेळेला पडले ३० रुपये. कापड आणि शिलाई मिळून ७०० रुपयांचा शर्ट सत्तर वेळा घातला, तर एका वेळेला १० रुपये. स्वस्त कोणता?

रंगाचं म्हणाल, तर ‘तू काळंच घाल’ हा सल्ला सोडून द्या. पिवळा आवडतो? पिवळा घाला! खांदा नीट बसला, की कोणताही रंग शोभतो.

आई-बाबा, दहा ते सोळा या वयात मुलांचं अंग भराभर बदलतं. कुणी आधी भरतं, मग उंच होतं. वजनाची काळजी वाटली तर डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नको. आणि ‘बारीक झालीस की घेऊ’ असं म्हणू नका. मुलाला कपडा आज घालायचा असतो, आजच्या अंगावर.

आणि दोस्तांनो, ‘जाड्या’, ‘ढोली’ अशी हाक मारायला एक पैसाही लागत नाही. पण ती ऐकणाऱ्याला नाच, खेळ, कधी कधी शाळाही सोडावी लागते. फार महाग पडते ती हाक! त्यापेक्षा या रविवारी टेप घेऊन मित्राकडे जा. तो तुमची मापं घेईल, तुम्ही त्याची घ्या. वहीत नीट लिहून ठेवा. पुढच्या बाजाराला उपयोगी पडतील.