वसईचे सेंट जोसेफ चर्च : चित्र आणि वास्तू

वर्धा जिल्ह्यासारख्या समुद्रापासून दूरच्या प्रदेशातील अभ्यासकास वसईच्या किल्ल्यातील चर्चांचा प्रथम परिचय बहुधा चित्रांतूनच होतो. तेव्हा त्या चित्रांचे प्रामाण्य कोठवर मानावे, हे आधी ठरविले पाहिजे.

इ. स. १६३५ मध्ये आंतोनियु बोकारू याने पूर्वेकडील पोर्तुगीज किल्ल्यांचे वर्णन सिद्ध केले. त्यातील आराखडे पेद्रू बार्रेतु दि रेझेंदि याचे आहेत. वसईच्या आराखड्यात तटाच्या आत चर्चे दिसतात. परंतु किल्ल्यांची माहिती राजास कळविणे हा या ग्रंथाचा हेतू होता. त्यामुळे तेथे चर्चची लहानशी आकृती शब्दाचे कार्य करते. पोर्तुगीजमधून आलेला ‘इगर्जी’ हा शब्द ऐकून चर्चचा बोध होतो, पण त्याच्या मनोऱ्याची उंची कळत नाही. त्या आकृतीचेही तसेच आहे.

वास्तूचा पुरावा निराळा. सोळाव्या शतकातील सेंट जोसेफ हे वसईचे मुख्य चर्च १६०१ मध्ये पुन्हा बांधले गेले, असे तेथील शिलालेखावरून कळते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. आज चर्चचे छप्पर उरलेले नाही. मनोरा मात्र उभा आहे.

सारांश, स्थान आराखड्यावरून, काळ शिलालेखावरून आणि घडण प्रत्यक्ष वास्तूवरून निश्चित करावी. या भिंती ढासळल्या, तर आराखड्यातील खूण राहील. परंतु ती खूण कशाची होती, हे पडताळण्याचे साधन उरणार नाही.