खाटेजवळचा केसपेपर आणि संगणकातले कुलूप

धुळ्यातल्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात प्रत्येक रुग्णाचा केसपेपर वेगळा. पाच नंबरच्या खाटेचा कागद सहा नंबरच्या कामाचा नाही. तरीही त्यावर घोळ होऊ शकतो, कारण कागद एकाचा असला तरी त्यावर हात अनेकांचे. निवासी डॉक्टर औषध आणि मात्रा बदलत असतानाच सिस्टरने अर्धवट नोंद वाचली, तर औषध नवे आणि मात्रा जुनी!

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, असेच केसपेपर ठेवतो. चालू असलेल्या प्रत्येक कामाची, म्हणजे टास्कची, स्वतंत्र नोंद असते: त्याचा क्रमांक, अग्रक्रम, उघडलेल्या फाइल्स. अँड्रॉइड मोबाइलमधला लिनक्स कर्नलही हेच करतो. ती नोंद त्या टास्कखेरीज कुणीच हाताळणार नसेल, तर लॉक नको. उगाच लावल्यास वेळ जातो. पण दुसरी टास्क ती बदलू शकत असेल, किंवा कुणी वाचत असतानाच काम संपून नोंद पुसली जाणार असेल, तर कुलूप हवेच. केवळ वाचणाऱ्यालाही ते लागू शकते, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

ही चूक वैद्यकाला महागात पडली आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात अनेक टास्क एकाच वेळी चालत आणि काही नोंदी सामायिक वापरत. त्यांचे नीट संरक्षण नव्हते. मार्च १९८६, टेक्सासमधील टायलर. ऑपरेटरने चुकून क्ष-किरण निवडले आणि लगेच दुरुस्त करून इलेक्ट्रॉन केले. यंत्रातील चुंबक जुळवायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात केलेली दुरुस्ती एका टास्कला कळली, दुसरीला नाही. पडद्यावर फक्त ‘बिघाड ५४’. त्याचा अर्थ ऑपरेटरला कळणार कसा? तिने उपचार पुढे चालू केला. १८० रॅडऐवजी रुग्णाला हजारो रॅड मिळाले. पाच महिन्यांनी तो दगावला. एप्रिलमध्ये तिथेच दुसऱ्या रुग्णाचे तसेच झाले. १९८५ ते १९८७ या काळात असे सहा अपघात नोंदले गेले.

हा दोष जुन्या थेरॅक-२० मध्येही होता. पण तिथे स्वतंत्र यांत्रिक सुरक्षाव्यवस्था होती. किरण सुटण्याऐवजी फक्त फ्यूज उडायचा.