उन्हाळ्यात शेततळ्यातील मोठे मासे कसे काढावेत

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत शेततळ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढली आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली. तेव्हापासून शिवारात साठविलेल्या पाण्याचे मोल शेतकऱ्यास नव्याने सांगावे लागत नाही. हे पाणी मुख्यतः फळबाग व भाजीपाला जगविण्यासाठी असते. पण त्याच पाण्यात कटला, रोहू, मृगळ व सायप्रिनस या जातींचे मासे वाढवून जोडउत्पन्न मिळविणारे शेतकरीही आता अनेक गावी आढळतात.

पावसाळ्यात सोडलेले बोटुकले मार्च-एप्रिलपर्यंत बाजारात नेण्याजोगे होतात. नेमक्या याच वेळी ऊन तापते, पाणी आटते आणि मासे मरण्याचा धोका सुरू होतो. अशा प्रसंगी सर्वांत मोठे, म्हणजेच सर्वांत किंमतीचे मासे बहुधा आधी मरतात. म्हणून उन्हाळ्यात मोठा मासा केव्हा, कशाने व कसा काढावा हे प्रत्येक तळेधारकाने व त्यास सल्ला देणाऱ्या ग्रामसेवकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पाणी तापले म्हणजे काय होते?

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांवाटे घेतो. पाणी जसे तापते तसा त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांस तो जास्तीत जास्त साडेसात ग्रॅम राहतो व ३५ अंशांस सात ग्रॅमच्याही खाली येतो. याच्या उलट, उष्ण पाण्यात माशाच्या शरीराचे सर्व व्यापार जलद चालतात व त्यास प्राणवायू अधिक लागतो. अशा रीतीने जमा घटते आणि खर्च वाढतो.

यात दिवस-रात्रीचा फरकही ध्यानात घ्यावा. पाण्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतात. रात्री त्या स्वतःच तो वापरतात. त्यामुळे दुपारी तिसऱ्या प्रहरी प्राणवायू सर्वांत अधिक व पहाटे सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर ते अन्नासाठी आले आहेत असे समजू नये. त्यांना श्वास अपुरा पडत आहे. तळे संकटात असल्याची ही पहिली खूण होय.

पाणी आटण्याचा हिशेब

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे तळे घेऊ. त्याच्या बाजूंचा उतार एकास एक असेल तर तळाची लांबी-रुंदी २४ मीटर राहते आणि काठोकाठ भरल्यावर त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. पाणी दीड मीटरवर आले म्हणजे ते निम्मे झाले असे वाटते. पण बाजू उतरत्या असल्यामुळे प्रत्यक्षात ९७६ घनमीटरच उरते. एक मीटरवर आले म्हणजे केवळ ६२५ घनमीटर उरते.

आता समजा, या तळ्यात सरासरी पाऊण किलोचे ३०० मासे आहेत, म्हणजे एकूण सव्वादोनशे किलो मासा आहे. तळे भरलेले असताना ३० अंशांच्या पाण्यात त्यांच्यासाठी फार तर साडेसोळा किलो प्राणवायूचा साठा होता. पाणी एक मीटरवर येताच तो पावणेपाच किलोच्या आत येतो. मासे तेवढेच, त्यांचे वजन उलट वाढलेले, आणि साठा मात्र चौथाईच्या आसपास! शिवाय उथळ पाणी अधिक तापते. ज्या तळ्यात डिसेंबरात सर्व ठीक होते, त्याच तळ्यात मे महिन्यात एका रात्रीत मासे तरंगू लागतात, त्याचे कारण या हिशेबात आहे.

विरळणी: मोठा मासा मिळविण्याचा मार्ग

ज्वारी दाट उगवली तर आपण विरळणी करतो. कारण दाट पिकात कणीस भरत नाही. तळ्याचेही तसेच आहे. सर्व मासे एकाच वेळी, तळे अगदी तळास गेल्यावर काढण्याची पद्धत तोट्याची आहे. त्या वेळी गावातील सर्व तळी एकदम आटतात, बाजारात मासा एकदम येतो व भाव पडतो. म्हणून मासे तीन टप्प्यांत काढावेत.

पहिली काढणी फेब्रुवारीच्या अखेरीस करावी. यात जे मासे लवकर वाढले असतील तेवढेच घ्यावेत. बहुधा कटला आघाडीवर असतो. दुसरी काढणी मार्चच्या अखेरीस, पाणी दीड मीटरच्या आसपास असताना करावी. यानंतर तळ्यात मूळ संख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक मासे ठेवू नयेत. उरलेल्यांना जागा, अन्न व प्राणवायू मिळून ते जोमाने वाढतात. तिसरी व शेवटची काढणी पाणी एक मीटरवर येण्यापूर्वी उरकावी. बागेस पाणी किती लागेल याचा अंदाज घेऊन या तारखा आधीच ठरवाव्यात.

हे तत्त्व जगभर मान्य झालेले आहे. अमेरिकेतील शेततळ्यांत बास नावाचा शिकारी मासा पाळतात. अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे होमर स्विंगल या शास्त्रज्ञाने गेल्या शतकात अशा तळ्यांचा दीर्घ अभ्यास केला. मासे व पाण्यातील अन्न यांचा मेळ राखून वेळोवेळी मासे काढीत राहिल्यासच तळे चांगले उत्पन्न देते, हे त्यातून दिसून आले. गर्दीच्या तळ्यात मासे पुष्कळ दिसतात, पण ते खुरटलेले असतात.

पहाटे काढावे की उन्हे आल्यावर?

मासे थंड वेळी काढावेत, म्हणजे पहाटे काढावेत, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. तो बरोबर आहे. मात्र त्यास एक अट आहे. पहाटे पाणी थंड असले तरी प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी जाळे ओढून माशांची धावपळ केली व तळाचा गाळ ढवळला, तर जाळ्यात न आलेले मासेही गुदमरतात. म्हणून काढणीपूर्वी पाण्याची परीक्षा करावी. दुपारी, दुसरा माणूस जवळ असताना, काठावर बसून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळहात स्पष्ट दिसत असेल तर पाणी ठीक आहे. कोपर बुडण्याआधीच तळहात दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवे झाले आहे असे समजावे. अशा तळ्यात शेण व खाद्य घालणे तत्काळ थांबवावे.

पाणी ठीक असेल तर उजाडताच काढणी सुरू करून आठ-साडेआठपर्यंत संपवावी. पाणी फार हिरवे असेल, तर आदल्या मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत पंपाने तळ्याचेच पाणी उचलून ते फवाऱ्याप्रमाणे उंचावरून पुन्हा तळ्यात पडू द्यावे. पाण्याचे जितके बारीक थेंब होतील, तितका हवेतील प्राणवायू त्यांत अधिक मिसळतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर त्या दिवशी जाळे मुळीच टाकू नये. पंप चालू ठेवावा व तळे सावरल्यावर दोन दिवसांनी काढणी करावी.

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य देऊ नये. पोट रिकामे असलेला मासा कमी प्राणवायूत तग धरतो व काढल्यावर लवकर नासत नाही. एरवी शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड व भाताचा कोंडा यांचे खाद्य रोज एकाच जागी, सकाळी ऊन वर आल्यावर द्यावे. यामुळे मासे त्या जागी जमण्यास सरावतात व काढणीच्या दिवशी सर्व तळे ढवळावे लागत नाही. संध्याकाळी खाद्य देणे उन्हाळ्यात टाळावे. ते पचविण्याचा भार नेमका रात्री पडतो.

जाळ्याची निवड

मोठा मासा निवडून घ्यावयाचा तर जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या एका घराचे ताणून मोजलेले माप, महत्त्वाचा ठरतो. कल्ल्यांशी मासा अडकविणारे उभे जाळे वापरावयाचे असल्यास किलोभर व त्याहून मोठ्या माशासाठी १० ते १२ सेंटीमीटर आस ठेवावा. लहान मासे त्यातून निघून जातात. हे जाळे रात्रभर लावून ठेवू नये. उष्ण पाण्यात अडकलेला मासा लवकर मरतो व खराब होतो. उजाडताच लावावे आणि तासाभरात उचलावे.

ओढजाळे तळ्यातील पाण्याच्या रुंदीच्या दीडपट लांब व खोलीच्या दीडपट ते दुप्पट उंच असावे. प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्यात शिशाची किंवा लोखंडाची वजने वापरू नयेत. कागद फाटला तर माशांपेक्षा पाण्याचे नुकसान मोठे होते. त्याऐवजी खालच्या काठाला जाड दोर अथवा वाळू भरलेली कापडी नळी बांधावी. जाळ्याचे दोन्ही दोर समोरासमोरच्या बांधांवरून ओढावेत. कटला व रोहू जाळ्यावरून उडी मारतात, म्हणून शेवटी वरचा दोर पाण्याबाहेर वीतभर उचलून धरावा. मृगळ व सायप्रिनस तळाशी दबून राहतात; यासाठी खालचा काठ तळाला टेकलेला असावा. जाळे दिवसातून एकदाच ओढावे. लहान मासे ओल्या हातांनी, पाण्यातल्या पाण्यातच मोकळे करावेत. तापलेल्या बांधावर पडलेला मासा परत सोडून उपयोग नाही.

घरच्यापुरते दोन-चार मासे हवे असतील तर गळ पुरेसा आहे. कणीक व शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी रोहू, मृगळ व सायप्रिनस घेतात. गळ खाद्याच्या नेहमीच्या जागी सकाळी टाकावा.

मरळ

कागद नसलेल्या मातीच्या तळ्यात ओढ्या-नाल्यांच्या पुराबरोबर मरळ शिरते. ही हवेतून श्वास घेऊ शकते. म्हणून पाणी आटल्यावर इतर मासे मेले तरी ती टिकते. ती शिकारी असून बोटुकली खाते. त्यामुळे नवीन बोटुकले सोडण्यापूर्वी उन्हाळ्यातच ती काढून घ्यावी. मरळ काठच्या गवतात व सावलीत दबा धरून राहते आणि सकाळी व सायंकाळी शिकारीस निघते. त्या वेळी लहान मासा किंवा गांडूळ लावलेला गळ काठालगत टाकल्यास मोठी मरळ हाती येते. बाजारात ती जिवंत नेता येते व तिला चांगला भाव मिळतो.

माणसाचा जीव प्रथम

प्लास्टिक कागदाच्या तळ्याचे उतार ओले झाले म्हणजे शेवाळामुळे अतिशय निसरडे होतात. पोहता येणाऱ्या माणसालाही आधाराविना वर येता येत नाही. अशा तळ्यांत बुडून माणसे व मुले दगावल्याच्या घटना मराठवाड्यात वारंवार घडतात. म्हणून काढणीस एकट्याने कधीही जाऊ नये. चारही बाजूंना खुंटास बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी. मासा निसटला तरी त्याच्यामागे पाण्यात उतरू नये. विजेची तार टाकून किंवा विष घालून मासे धरणे गुन्हा तर आहेच, पण ते माणसाच्या व जनावरांच्या जिवावर बेतते.

वळवाचा पाऊस व बाजार

मे महिन्याच्या अखेरीस वळीव येतो. तळ्याचे वरचे पाणी गरम व खालचे थंड असते. त्या खालच्या थरात कुजलेला गाळ असून प्राणवायू जवळजवळ नसतो. वादळी पावसाने हे थर एकदम मिसळतात आणि आकाशही ढगाळ राहते. त्या रात्री पंप तयार ठेवावा. शक्य तर मोठे मासे वळवापूर्वीच काढलेले असावेत.

काढलेला मासा त्वरित सावलीत न्यावा, स्वच्छ पाण्याने धुवावा व माशाच्या वजनाइतका बर्फ थराथराने घालून पेटीत भरावा. बर्फाची व गिऱ्हाइकाची सोय आदल्या दिवशीच करावी. नांदेड, लातूर, उदगीर किंवा जवळच्या आठवडी बाजाराचा दिवस पाहून काढणी ठरवावी. तळ्यात मरून तरंगलेला मासा विकू नये व खाऊही नये.

ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी मार्च महिन्यातच आपल्या गावातील मत्स्यपालकांची तळी पाहावीत. पाण्याची खोली, पाण्याचा रंग आणि उतारावरील दोर या तीन गोष्टी तपासाव्यात आणि काढणीचा दिवस शेतकऱ्याबरोबर बसून ठरवावा. अधिक माहितीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी अथवा उदगीर येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालयाशी संपर्क साधावा. वेळेवर काढलेला मासा बाजारात जातो. उशीर झालेला मासा मातीत पुरावा लागतो. या दोहोंतील अंतर बहुधा एका रात्रीचेच असते.