थंड भट्टीत घण नको

सकाळी ६.३०. पोलादपूरहून एसटी, महामार्गाने महाडची एमआयडीसी. मे महिन्यातलं शटडाऊन. पावसाआधी भट्टी पेटायला हवी.

८.००. परमिट, ऑक्सिजनचं रीडिंग, मग मॅनहोलमधून आत. अस्तर धरणारे अँकर स्टेनलेस स्टीलच्या दोन जातींचे. ३०४ चे (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) पापुद्रे सुटून बारीक झालेले. भट्टी सतत पेटते-विझते, तशी क्रोमियम ऑक्साइडची साय तडकून गळते. अशा वापरात ८७० अंशांपुढे ३०४ वर भरवसा ठेवू नये. शेजारचे ३१० चे (२५ क्रोमियम, २० निकेल) काळे पडलेत, पण जाडी शाबूत.

९.४५. आडवा बॅफलही ३१० चाच, पण तो वर्षानुवर्षं साडेसातशे-आठशे अंशांत राहिला. वरून ठणठणीत. हेल्परने घण उचलला आणि मी ओरडलोच. नेमक्या याच तापमानात क्रोमियम आणि लोखंड मिळून कणांच्या सीमांवर सिग्मा नावाची कठीण, ठिसूळ प्रावस्था धरतात. ज्या क्रोमियमने गंज अडवला, त्यानेच पत्रा आतून बिघडवला. निकेल ही घडण लांबवतं, पण २५ टक्के क्रोमियमपुढे त्याचा पुरता इलाज चालत नाही. गरम असताना हे लक्षातही येत नाही. थंड झाला की पत्रा ठोक्याला तडकतो.

वेल्डरमामा म्हणाले, “साहेब, काच झालीय ह्याची. टाका मारला की बाजूला फुटेल.” बरोबर. १,०५० अंशांच्या वर तापवून पाण्यात थंड केला तर सिग्मा विरघळते, पण एवढा बॅफल न्यायचा कुठे? कापायचाच.

१२.३०. डबा.

२.००. स्टोअरमधल्या पत्र्यावर मिश्रधातू ओळखणारी पीएमआय गन लावली. क्रोमियम, निकेल नीट दाखवलं. कार्बन मात्र क्ष-किरणांच्या गनला दिसत नाही. ३१० आणि ३१०एस यांतला फरक तर कार्बनचाच (०.२५ आणि ०.०८ टक्के, कमाल). म्हणून मिलचं सर्टिफिकेट मागितलं. लोक गनच्या आकड्यावर सही करून मोकळे होतात, याचा मला राग येतो.

४.३०. खरेदीवाल्यांचा आग्रह: पुन्हा ३१०च, महाग म्हणजे चांगलं. मी २५३ एमए लिहिलं. क्रोमियम २१, निकेल ११च. पण सिलिकॉन सायीखाली आणखी एक थर देतं, चिमूटभर सेरियम ती साय पत्र्याला धरून ठेवतं आणि नायट्रोजन सिग्मा लांबवतो. शिवाय फर्नेस ऑइलमध्ये गंधक आहे. जास्त निकेलला ते बाधतं, कारण निकेल आणि त्याच्या सल्फाइडचं मिश्रण साडेसहाशे अंशांच्या आतच वितळतं.

६.००. परमिट संपलं. कटिंग उद्या, ग्राइंडरने.